बिनफोटोची बैठक

पालवे गुरुजींना माईक लागत नाही. पंचायत समितीच्या फाटकात उभं राहून त्यांनी "शिक्षक एकजुटीचा" अशी आरोळी ठोकली, की रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यालाही "विजय असो" म्हणावंसं वाटतं. अजिनाथ पालवे, खडकमाळ या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक आणि तालुक्याच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, डोंगराच्या कडेला. पाथर्डीकडून येणारी एसटी फाट्यावर सोडते आणि पुढचं आपलं आपण बघून घ्या म्हणते. निम्मं गाव दरवर्षी ऊसतोडीला जातं. गुरुजींचे आईवडीलही जायचे. तिसरीत असताना बन्सी गुरुजी नावाच्या शिक्षकांनी त्यांना टोळीच्या ट्रकवरून खाली उतरवून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं नसतं, तर आज हा आवाज उसाच्या फडात "मोळी उचला" म्हणत असता. हे ते स्वतःच सांगतात आणि सांगताना हसतातही.

संघटनेच्या कामाची एक ठरलेली रीत होती. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी जायचं. शाल, नारळ, गुच्छ. शालीची घडी मोडायच्या आत हातात निवेदन ठेवायचं. मग फोटो. फोटोत पुढच्या रांगेत कोण, मागच्या रांगेत कोण यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी निवेदनातल्या मागण्यांवरून कधी झाली नाहीत. एका सरांचा फोटोत अर्धाच चेहरा आला, तर त्यांनी संघटनेची वर्गणी बंद केली. फोटो मोबाईलच्या ग्रुपवर पडला की त्यावर हात जोडलेल्यांची आणि अंगठ्यांची रांग लागायची. मागणीचं पुढं काय झालं हे सहसा कुणी विचारत नसे. मात्र फोटोशिवाय कुणी साहेबांना एकटा भेटला, की तो 'मॅनेज' झाला, असं चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी ठरून जायचं.

त्या उन्हाळ्यात गटशिक्षणाधिकारी म्हणून फरीदा इनामदार मॅडम आल्या. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा कारभार या एका खुर्चीकडे असतो. मॅडम मूळच्या नगरच्या, आधी स्वतःच शिक्षिका, बोलायला मोजक्या. त्यांचाही सत्कार झाला, नारळ झाला, फोटोही झाला. फोटोत त्या हसल्या नाहीत एवढंच लोकांनी टिपून ठेवलं. मग एके दिवशी त्यांनी मागच्या वर्षीच्या हजेऱ्या मागवल्या. दिवाळीनंतर होळीपर्यंत निम्मे वर्ग रिकामे. मॅडमनी कुणाला बोलावलं नाही, काही विचारलं नाही, ज्या ज्या शाळांची हजेरी घसरली होती त्या त्या मुख्याध्यापकांना कारणे दाखवा नोटीस धाडून दिली. आईबाप उसाला गेले, सोबत पोरांना घेऊन गेले, आणि खुलासा द्यायचा गुरुजींनी! ही काही रीत झाली का?

तालुका पेटला. नोटिशींची होळी झाली. पण तेवढ्यावर थांबेल ती संघटना कसली. संघटनेचे सचिव राधाकृष्ण सानप यांच्या डोक्यातून निघालं, की यंदा स्थलांतराच्या सर्व्हेवरच बहिष्कार टाकायचा. हा सर्व्हे म्हणजे गुरुजींनी पावसाळ्यात घरोघर जाऊन विचारायचं, की यंदा उसाला कोण जाणार आणि मुलं मागं ठेवणार का. त्यावरून गावात हंगामी वसतिगृह मंजूर होतं. वसतिगृह हा शब्द मोठा, प्रकार साधा. शाळेत दोन वेळचं जेवण शिजतं, मुलं जेवतात, अभ्यास करतात आणि रात्री आज्या-चुलत्याच्या घरी झोपायला जातात. सर्व्हे नाही तर जेवण नाही, जेवण नाही तर पोरगं ट्रकवर. पालवे गुरुजींना हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी हिशेब केला, की दिवाळीपर्यंत ताणू, तोवर मॅडम नोटिसा मागं घेतील, मग आठ दिवसांत सर्व्हे उरकू. कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे त्यांनी वाजतगाजत पंचायत समितीत परत नेऊन दिले. त्या फोटोला आजवरचे सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

दसरा झाला आणि दोनच दिवसांनी शाळा सुटताना बजरंग फाटकाशी आला. ऊसतोडीला जाणारा माणूस, कमी बोलणारा. त्याची मुलगी धनश्री गुरुजींच्या वर्गात, तिसरीत. शाळेची घंटा तिच्याकडे होती आणि त्या घंटेचा तिला भारी अभिमान. पोरगी मोठी चिकट. गोष्टीचं पुस्तक मागितल्यावर "उद्या देतो" म्हटलं, की विचारायची, "उद्या सकाळी का उद्या दुपारी?"

"गुरुजी," बजरंग म्हणाला, "पोरगी ठेवू का न्हेऊ?"

"का रे, काय अडचण?"

"आवंदा तान्हं हाय ना संगं. त्याला सांबाळाया कुनीतरी पायजे. धनूची मावशी येतो म्हनतीया. जेवान चालू व्हनार आसंल तर धनू हितं आज्यापाशी ऱ्हाईल, मावशीला संगं न्हेतो. न्हाईतर मग धनूलाच न्ह्यावं लागंल. म्हाताऱ्याला सोताची भाकर जमंना, पोरीला कुठनं घालनार?"

"दोन दिवसांत सांगतो," गुरुजी म्हणाले.

"सांगा बरं का. मावशीलाबी दुसरी टोळी इचारतीया."

"सांगतो म्हटलं ना!"

दोन दिवसांत सांगतो हे वाक्य पुढारपणात सारखं वापरून गुळगुळीत झालेलं असतं. पण त्या संध्याकाळी गुरुजींनी सानपांना फोन केला खरा. आपल्या गावापुरता तरी सर्व्हे करून टाकू का, असं जरा चाचरतच विचारलं. सानप म्हणाले, "अध्यक्षांनीच बहिष्कार फोडायचा म्हणता? मग आम्ही तोंड कुठं लपवायचं?" गुरुजींनी फोन ठेवला. घरी त्यांच्या पत्नी अश्विनीताई सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, फॉर्म परत द्यायला तुम्ही होतात, आणायला कुणाची परवानगी लागते?" गुरुजींनी ताट जरा जोरात सरकवलं. दोन दिवस गेले, मग आणखी काही गेले.

यंदा साखर कारखान्याचा बॉयलर लवकर पेटणार अशी बातमी आली आणि मुकादमानं टोळी उचलली. पहाटे ट्रक लागला, उजाडेपर्यंत निघूनही गेला. गुरुजी शाळेत आले तेव्हा आवारात चारदोन पोरं भिंतीला टेकून उभी होती. घंटा वाजेना. ती का वाजत नाही हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी स्वतःच ती वाजवली. सोबतच्या पूजा मॅडमनी हजेरी घेतली आणि हजेरीपत्रक मिटून ठेवलं. गुरुजींना स्वतःची लाज वाटली. ज्या पोराला ट्रकवरून उतरवलं होतं, त्यानंच आज एका पोरीला ट्रकवर चढवलं, दुसरं काय. मधली सुट्टी होईपर्यंत ते कसेबसे थांबले आणि मोटारसायकलला किक मारली.

पंचायत समितीत क्लार्कनं त्यांना एकटं पाहिलं आणि तो गडबडला.

"सर, निवेदन?"

"नाही."

"मग फोटो?"

"कोण काढणार? एकटाच आहे."

क्लार्कनं दार उघडून दिलं खरं, पण काहीतरी बेकायदा घडतंय अशा नजरेनं. मॅडम डबा खात होत्या. गुरुजींना पाहून त्यांनी डबा बाजूला सारला आणि आधी खिडकीतून खाली बघितलं.

"बाकीचे फाटकात थांबलेत का?"

"मॅडम, एकटाच आलोय. खडकमाळची टोळी आज पहाटे गेली. निम्मा वर्ग गेला माझा."

"मी नोटिशीत लिहिलंच होतं" असं म्हणायला मॅडमना चांगली संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. त्या म्हणाल्या, "ती नोटीस वरून आलेली नव्हती, सर. माझीच होती. हजेऱ्या बघितल्या, राग आला, लिहून टाकली. आधी तुम्हाला बोलावलं असतं तर आला असता का?"

"आलो असतो. पन्नास जणांना घेऊन."

दोघंही हसले, पण थोडंच. मग खरं बोलणं सुरू झालं आणि लगेच अडकलं. गुरुजी म्हणाले, नोटिसा मागे घेतल्याशिवाय आमचे लोक फॉर्म उचलणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, सर्व्हे सुरू झाल्याशिवाय मी नोटिसा मागे घेणार नाही, उद्या वरचे विचारतील तर काय दाखवू? दोघं आपापल्या जागी घट्ट. शेवटी गुरुजीच म्हणाले, "असं करू. उद्या सकाळी याच टेबलावर आम्ही फॉर्म उचलतो आणि तुम्ही नोटिशींच्या पत्रावर सही करा. आधी कोण, नंतर कोण, हे कुणाला कळायलाच नको."

"आणि पुढच्या वर्षी? पुन्हा असंच?"

त्यातून महिन्याची बैठक निघाली. पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, तिकडून तिघं, इकडून तिघं. मॅडमच्या अधिकारातला कुठलाही आदेश आधी या टेबलावर यायचा, आणि मुलांच्या कामावर बहिष्कार टाकायची वेळ आली तर संघटनेनंही आधी इथं येऊन बसायचं. शाल नाही, नारळ नाही.

"फोटो?" मॅडमनी विचारलं.

"नको. फोटो आला की लोक फोटोसाठी बसतील."

"फोटोशिवाय तुमचे लोक विश्वास ठेवतील?"

"नाही ठेवायचे," गुरुजी म्हणाले.

नाहीच ठेवला. संध्याकाळी तालुक्याच्या शाळेत संघटनेची सभा भरली आणि सानपांनी पहिलाच प्रश्न टाकला, "फोटो कुठंय?" मागून कुणीतरी म्हणालं, "बंद खोलीत, एकटे, निवेदन नाही. आता बदली कुठं मिळणार म्हणायची अध्यक्षांना?" हशा झाला. पालवे गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता भाषण केलं, त्यामुळे मागच्यांना नीट ऐकूही गेलं नाही. ते म्हणाले, की चूक मॅडमची होती तशी माझीही आहे, टोळ्या निघाल्यात, अध्यक्षपद पाहिजे तर दिवाळीनंतर काढून घ्या, पण उद्या फॉर्म उचला. सभा ढिम्म.

तेव्हा पुष्पावती बडे उठल्या. पलीकडच्या वस्तीवरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्तीला टेकलेल्या. पहिली नोटीस त्यांनाच आली होती. "अपमान झाला तो माझा," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याची होळी केलीत, बरं वाटलं मला. पण माझ्या वस्तीवरचा ट्रक या आठवड्यात लागतोय. मी उद्या फॉर्म उचलणार. कुणाला फोटो काढायचा असेल तर माझा काढा." त्यांच्या मागून एकेक हात वर होऊ लागला. सानपांचा हात काही वर आला नाही, पण त्यांनी सभात्यागही केला नाही, आणि त्यांच्या बाबतीत एवढंही पुष्कळ होतं.

दुसऱ्या सकाळी एकाच टेबलावर फॉर्म उचलले गेले, नोटिसा मागं घेतल्याच्या पत्रावर सही झाली आणि जेवणाची मंजुरी मॅडमनी हातोहात आणवली. त्या आठवड्यात शिक्षकांनी वस्त्याच्या वस्त्या पालथ्या घातल्या. ज्या गावांच्या टोळ्या निघायच्या होत्या तिथली बरीच मुलं राहिली. पुष्पावतीबाईंच्या वस्तीवर तर शाळेत चूल पेटल्यावर ट्रक निघाला. राहिला प्रश्न आधीच गेलेल्यांचा. मॅडम म्हणाल्या, "चला, आणायला जाऊ." एका सकाळी ऑफिसची जीप निघाली, पुढं मॅडम, मागं पालवे गुरुजी. खडकमाळची टोळी देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला उसात उतरली होती.

फडाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोप्या, टोळीच्या झोपड्या, उभ्या होत्या. गुरुजींना बघून बायाबाप्ये गोळा झाले. मॅडमनी सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं, की गावात जेवण सुरू झालंय. ज्यांची म्हातारी माणसं गावात होती त्यातल्या बऱ्याच जणांनी पोरांच्या पिशव्या भरायला घेतल्या. बजरंग मात्र बांधावर बसून राहिला.

"बजरंग, धनूला पाठव. चूल पेटलीय शाळेत."

"आता कसं पाटवू, गुरुजी?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच गुरुजींना जास्त लागलं. "तुमी सांगतो म्हनला. लई वाट बघितली. मावशीला मग न्हाई म्हनलो. ती गेली दुसऱ्या टोळीत. आता धनूला पाटवलं तर तान्ह्याकडं कोन बघनार? माझी बायको कोयता धरंल का पोर धरंल?"

कोपीच्या तोंडाशी धनश्री उभी होती. कडेवर तान्हा भाऊ. त्याच्या वजनानं ती एका बाजूला कलली होती. गुरुजी जवळ गेले तेव्हा तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं,

"गुरुजी, दोन दिस झाले का?"

चिडून नाही, सहज विचारलं. उद्या सकाळी का उद्या दुपारी, असं विचारायची तसंच. पालवे गुरुजींनी, ज्यांना माईक लागत नाही त्यांनी, हात पुढं करून तान्ह्याला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

मॅडमनी तिथूनच त्या भागातल्या शाळांच्या केंद्रप्रमुखांना फोन लावला आणि जवळच्या वस्तीशाळेत धनश्रीला बसायची सोय करून दिली. ती अधूनमधून जायची, भावाला कडेवर घेऊन. त्याला रडू आलं की परत यायची. परतीच्या वाटेला जीप पोरांनी गच्च भरली होती. मॅडम म्हणाल्या, "मी नोटीस काढली नसती तर हे झालं नसतं." गुरुजी म्हणाले, "मी ताणलं नसतं तरी झालं नसतं." कुणीही दुसऱ्याची समजूत घातली नाही. पोरांची गाणी चालू होती.

पुढं बैठका झाल्या. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणी समजू नये. एकदा मॅडमनी घाईत एक आदेश टेबलावर न आणता काढला आणि गुरुजींनी त्यांना असं सुनावलं, की खाली रसवंतीवाल्याला वाटलं मोर्चा आलाय. मॅडमनी आदेश थांबवला. एकदा संघटनेच्याच एका सरांची शाळेला दांडी मारायची खोड निघाली, तेव्हा मॅडमनी नोटिशीआधी ती टेबलावर ठेवली आणि त्या सरांना समजावायला गुरुजींना जावं लागलं. असली कामं फोटोत दिसत नाहीत. उन्हाळ्यातल्या वार्षिक सभेत पालवे गुरुजी अध्यक्षपद हरले आणि राधाकृष्ण सानप निवडून आले. गुरुजींना वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटलं नाही असं ते सांगत फिरले, पण अश्विनीताईंनी दोन दिवस त्यांच्या आवडीचं शेंगोळं केलं ते काही उगाच नाही.

गंमत अशी, की सानप अध्यक्ष झाल्यावर बैठक मोडतील असं सगळ्यांना वाटत होतं. सानप पहिल्या शनिवारी गेले, फोटोसाठी मोबाईल बाहेर काढला, मॅडमनी नकारार्थी मान हलवली, त्यांनी तो खिशात ठेवला. मग सर्व्हे कधी करायचा यावर ते मॅडमशी असे भांडले, की श्रावणातच सर्व्हे उरकला आणि गणपतीच्या आत वसतिगृहं मंजूरही झाली. तिघांतले तिसरे म्हणून पालवे गुरुजी कोपऱ्यात बसून होते. त्यांना आत कुठंतरी हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

धनश्री होळीनंतर परत आली होती. अभ्यासात मागं पडली होती, पूजा मॅडमनी उन्हाळाभर तिला आपल्या घरी शिकवून पुष्कळसं भरून काढलं. आता ती चौथीत होती आणि घंटा पुन्हा तिच्याकडे होती. गणपती उठल्यावर एके दिवशी मधल्या सुट्टीत ती गुरुजींच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, मावशी इचारतीया. आवंदा तिनं यायचं का तान्ह्यासाठी? तिला काय सांगू?"

गुरुजींच्या तोंडात ते जुनं गुळगुळीत वाक्य आलंच होतं. सवय अशी लगेच जात नाही. ते त्यांनी गिळलं.

"ये म्हणावं मावशीला."

"नक्की?"

"नक्की. मंजूर झालंय. तू इथंच राहायचं."

ती हलली नाही. "मंग पप्पांना तुमीच सांगा," ती म्हणाली. "आत्ता."

गुरुजींनी मोबाईल काढला. बजरंगनं उचलला तेव्हा मागं वाऱ्याचा घों घों आवाज होता, त्याला नीट ऐकू येईना. तेव्हा पालवे गुरुजींनी आपला फाटकातला आवाज लावला. "बजरंग! मावशीला संगं न्हे! धनू हितं ऱ्हाईल!" बाहेर खेळणारी पोरं थांबून बघू लागली.

फोन ठेवेपर्यंत धनश्री तिथंच उभी होती. मग सुट्टी संपल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती घंटेकडे पळाली.